बोटातलं माप

आत्या: हे बघ, परत आला खाली. तोंड धुवायला वाकले, की थेट बेसिनमध्ये.

बाबा: दे इकडे. छकू, बारकी पक्कड दे गं.

आत्या: कालही बारकी पक्कडच होती. दादा, तू चष्मेवाला, मी तुझी सख्खी बहीण. माझं नाक तू पाळण्यापासून बघतोयस. चिमटीत मावेल एवढं आहे. त्याला हा एवढा रुंद चष्मा?

बाबा: रुंद नाहीये. हे घे, नाकावरच्या गाद्या आत घेतल्या. घाल.

आत्या: घातला. आणि हा आला ओठावर. आता काय दोरीने बांधू कानाला?

छकू: आत्या, माझा चष्मा काढते, तुझा दे जरा. माझ्या नाकावर बघ.

आत्या: अगंबाई! हलतच नाही की.

छकू: मान हलवते. बघ. नाही पडत.

आत्या: तुझ्यासाठीच केल्यासारखा बसलाय.

छकू: तुझाच नाही. हल्ली जे चष्मे घसरतात म्हणून परत येतात, ते मी आधी स्वतःला लावून बघते. सगळे असेच बसतात. ज्यांची नाकं अशीच रुंद आहेत, ते परत येत नाहीत. बाबा, तुम्ही गिऱ्हाइकाचं माप घेता आणि वाकवताना दुसऱ्याच नाकाला वाकवता.

बाबा: तुझ्या नाकाला वाकवतो? काहीतरीच.

छकू: माझ्या नाही. आईच्या.

आत्या: छकू, पुरे.

छकू: पुरे नाही, आत्या. आज संध्याकाळपर्यंत मला त्या डॉक्टरांना कळवायचंय. येते की नाही.

आत्या: कोण डॉक्टर?

बाबा: तुला सांगितलं नाही वाटतं तिने. बाईसाहेब परदेशात निघाल्यात. नाक तासून घ्यायला.

आत्या: काय? अगं, लोक घरबसल्या नाक कापून घेतात. तुला त्यासाठी विमान लागतं?

छकू: हस तू.

आत्या: हसत नाहीये. घाबरलेय. शाळेत पोपट म्हणायचे तेव्हा रडली नाहीस. उलट चोच मारीन म्हणायचीस. आणि आता, डोळे तपासायचं एवढं शिकून, हे काय खूळ?

छकू: तेव्हा ते माझं नाक होतं. आता सकाळी शटर वर केलं, की या सगळ्या आरशांत आधी आई दिसते. मग मी. बाबा, तुम्ही बोलताना माझ्या डोळ्यांत बघत नाही. इथे बघता. या उंचवट्यावर. आत्ताही.

बाबा: मी आत्याची फ्रेम बघत होतो.

छकू: आत्याला परत दिली मी फ्रेम.

आत्या: बरं, पण मग इथले डॉक्टर काय संपावर आहेत?

छकू: इथे शुद्धीवर आले, की पहिलं जे माणूस भेटायला येईल ते म्हणेल, "अरेरे, आईसारखं होतं." तिथे कुणालाच माहीत नाही मी कुणासारखी दिसते.

बाबा: ती गेली ती गेली. जे उरलंय तेही कापून फेकणार तू.

छकू: उरलंय ते माझ्या तोंडावर उरलंय, बाबा. मला झोप येत नाही. पडले, की शीळ ऐकू येते.

आत्या: कसली शीळ?

छकू: हवेची. आईला तो हवेचा मास्क लावला होता ना, तो तिच्या नाकावर बसतच नव्हता. या उंचवट्यापाशी फट राहायची, हवा निसटायची. बारीक, सारखी शीळ. मी अंगठ्याने दाबून धरायचे. दाबलं, की थांबायची. हात दुखून अंगठा सैल पडला, की सुरू. आता आडवी झाले, की माझ्याच नाकातून येते. नाक-घसावाल्यांना दाखवून आले. म्हणाले, काही नाही, साफ आहे.

आत्या: हे बोलली नाहीस कधी.

बाबा: माझ्या खिशात पक्कड होती.

छकू: काय?

बाबा: दवाखान्यात, त्या शेवटच्या रात्री. दुकानातून तसाच आलो होतो. आत एकालाच सोडत होते, तू होतीस. काचेतून दिसत होतं मला, मास्क वरच्या कडेला उघडा पडलाय. नुसता मधे जरा वाकवायला हवा होता. तुझ्या आईच्या नाकाला मी इतकी वर्षं चष्मे बसवले, कधी ओरखडा नाही उठला. म्हटलं, आत सोडा, मी बसवतो. दारातल्या सिस्टर म्हणाल्या, "काका, हे काय चष्म्याचं दुकान आहे का?"

छकू: बाबा, तो बसला असता तरी ती वाचली नसती. फुप्फुसंच थकली होती.

बाबा: माहितीये. पण शीळ तरी थांबली असती.

आत्या: …दादा, पाणी देऊ?

बाबा: नको. छकू, आणि चष्म्याचं काय?

छकू: कुठल्या?

बाबा: तुझ्या. चष्म्याशिवाय तुला भिंत आणि दार एक दिसतं. ताज्या हाडावर भार चालणार नाही. मग टेकवणार कशावर?

छकू: ते म्हणाले, चिकटपट्टीने कपाळाला लावतात. काही आठवडे.

बाबा: चिकटपट्टी? चष्मेवाल्याची मुलगी कपाळाला चिकटपट्टी लावून फिरणार? परदेशात माझं नाक कापणार का?

आत्या: घ्या. आता दोघांचंही गेलं.

बाबा: गालावर टेकेल असा करून देतो. खाली दोन पाय सोडतो, मऊ. नाकाला शिवणारसुद्धा नाही.

छकू: म्हणजे जाऊ मी?

बाबा: बस इथे. उजेडाकडे तोंड कर. चष्मा काढ, गालाचं माप घेऊ दे.

(ती बसते. तो अंगठा तिच्या नाकावर, उंचवट्यापाशी ठेवतो.)

आत्या: दादा, गाल खाली आहे.

बाबा: माहितीये.

छकू: हे कागदावर घ्यायचंय का, बाबा?

बाबा: कशाला? बोटात आहे. तेच तर नडतंय.

आत्या: दादा…

बाबा: छकू, आत्ता येतेय का गं शीळ?

छकू: नाही.

बाबा: काढू अंगठा?

छकू: थांबा जरा.