गॉगल कपाळावर सरकवल्याबाबत

नाव टायटस हाक्पी, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (बर्फाची जाडी मोजणे), राहणार बेकर लेक, नुनावुट.

मी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात समक्ष येऊन जबाब देतो की, मी वरील ठिकाणी बायको व चार मुलांसह राहतो. आम्हा इनुइट लोकांच्या मालकीची एक कंपनी खाणवाल्यांना रस्ते बांधून देते, तिथे मी नऊ वर्षे कामाला आहे. तळ्याच्या बर्फावरून रस्ता काढला की पुढे जाऊन भोक पाडायचे, जाडी मोजायची आणि गाडी सोडायची की नाही ते सांगायचे, हे माझे काम.

मिरियम सिलू, वय २३, ही त्याच कंपनीत डंपर चालवते. माझी आई सिलू वारली त्याच वर्षी ही जन्मली, म्हणून हिला तिचे नाव ठेवले. आमच्यात ज्याचे नाव ठेवले ते माणूसच परत आले असे धरतात. तेव्हापासून मी हिला आई म्हणतो, ती मला लेका म्हणते. साहेबांनी नाते विचारले. आई, असेच लिहावे.

काल दिनांक ११ एप्रिल रोजी दुपारी पावणेदोनच्या सुमारास मी नदीच्या मुखाशी भोक पाडले. जाडी साठ सेंटिमीटर भरली. भरल्या डंपरला मीटरभर तरी लागते. माझा वायरलेस थंडीने बंद पडला होता. सकाळी तो चालू होता तेव्हा त्यावरून मिरियम म्हणाली होती, "लेका, टोपी घातलीस का? म्हातारा झालास तरी सांगावं लागतं." मी म्हणालो, "घातली गं आई, तू रस्त्याकडे बघ."

तिचा डंपर चाळीस पावलांवर येऊन थांबला. येऊ का, असे तिने काचेतून मानेने विचारले. साहेब इथे नवीन आहेत म्हणून सांगतो, आमच्यात हो म्हणायला भुवया उचलतात, नाही म्हणायला नाक आक्रसतात, तोंड उघडत नाहीत. मी नाक आक्रसले. पण नाकावर फडके बांधलेले होते. ती बघतच राहिली. माझा गॉगल धुरकटला होता, ती नीट दिसावी म्हणून तो कपाळावर सरकवला. त्यासरशी भुवया वर गेल्या. ती हसली आणि तिने गाडी पुढे घेतली.

गाडी अडवायला दोन्ही हात आडवे धरायचे असा कंपनीचा नियम आहे, दरवर्षी शिकवतात. परक्या ड्रायव्हरपुढे मी तसे धरतो. आईपुढे धरायचे सुचले नाही. ओरडलो तेव्हा पुढची चाके खाली गेली होती.

ती खिडकीतून बाहेर पडली. मी पालथा पडून दोर टाकला व ओढून काढली. श्वास नव्हता, बऱ्याच वेळाने थोडा लागला. विमानाने विनिपेगच्या मोठ्या इस्पितळात नेले. अजून निरोप नाही.

मुकादम सिमियन सकाळी घरी येऊन म्हणाला, "ती आपणहून गेली एवढंच सांग. तुला पोरंबाळं आहेत. ती काय आता उठून नाही म्हणणार आहे?" मी त्याला चहा विचारला नाही. मला भीती वाटते. नोकरीची वाटते, तुरुंगाची वाटते. फोन वाजला की बायकोला उचलायला सांगतो. आई पहिल्यांदा गेली ती आजाराने. आता गेली तर ती माझ्यामुळे.

सदर जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. बरोबर आहे का, असे साहेबांनी विचारले. मी भुवया उचलल्या. साहेब कागदाकडे बघत होते, त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा मी तोंडाने हो म्हणालो. कालही तोंडाने बोलता आले असते, तेही लिहून घ्यावे.