आधी घाण सांगा

(शहराच्या कडेचं तळं. बहीण-भाऊ कारखान्याच्या भिंतीमागून चालत नुकतेच काठाशी पोचलेत.)

दादा : शी! शी शी शी! ठके, थांब. माझा पाय कशात गेलाय ते बघू नकोस आणि सांगूही नकोस.

ठकी : डायपर आहे.

दादा : सांगू नकोस म्हटलं ना!

ठकी : मला ओकारी येतेय रे. ती कोंबड्यांची पिसं बघ, पोतीच्या पोती. आणि पाण्यावर हा फेस. तळं म्हणायचं का याला?

दादा : इथलं पाणी आपण ओंजळीने प्यायचो. आठवलं तरी आता घशाशी येतंय.

ठकी : दर रविवारी आई पायी पायी घेऊन यायची. लोक गाड्या करून लांब लांब जातात, आपल्या तर गल्लीमागेच आहे, म्हणायची.

दादा : वाटोळं केलं मेल्यांनी! तो सोफा बघ. अख्खा सोफा इथवर वाहून आणायला अंगात जोर आहे, कचऱ्याच्या गाडीत टाकायला हात मोडतात!

ठकी : बरं, ओरडू नकोस. आईला काय सांगायचं ते बोल. परवा आपण हे गाव सोडतोय. जायच्या आधी एकदा खुर्चीतून तळ्यावर न्या, एवढंच मागितलंय तिने.

दादा : वाट खचलीय म्हणू. चाकं जात नाहीत म्हणू.

ठकी : जातात की. तेच बघायला आलो ना आपण?

दादा : जातात म्हणून हे दाखवायचं तिला? दोन वर्षं पलंगावर पडून तिने याच तळ्याच्या गोष्टी सांगितल्यात.

ठकी : घे. तिचाच फोन. आवाज मोठा कर.

आई : पोचलात? मग सांगा. आधी घाण, मग चांगलं.

ठकी : अगं आई, तो नियम आम्ही शाळेत होतो तेव्हाचा.

आई : मी सांगितलंय का मोडायला? फिरायला गेलं की आधी नाक मुरडून मोकळं व्हायचं. दादा, बोल.

दादा : आई, वाट खचलीय गं. खुर्ची काही...

आई : थापा मारू नकोस. नाक दाबून बोलतोयस तू.

दादा : ... डायपर आहेत. कोंबड्यांची पिसं आहेत. फुटक्या बाटल्या, सोफा, एक अख्खा कमोड. कारखान्याचा पाइप सरळ पाण्यात सोडलाय. मेलेलं काहीतरी आहे, काय ते कळत नाही. किळस आली आई मला. या गावाचीच किळस आली.

आई : हं. झालं? आता चांगलं सांगा.

दादा : काही नाही.

आई : मग शोधा. एक तरी चांगलं मिळाल्याशिवाय घरी यायचं नाही, माहितेय ना?

दादा : ठके, हिला काय सांगायचं आता?

ठकी : दादा... हळू. कमोडवर बघ.

दादा : काय? अरेच्चा! आई, खंड्या आहे. निळाजर्द. कमोडच्या काठावर बसलाय शहाणा.

आई : पाण्याकडे बघतोय?

दादा : टक लावून. आई, त्याने... त्याने सूर मारला! चोचीत मासा आहे!

आई : म्हणजे जीव आहे अजून तळ्यात. उद्या सकाळी न्या मला.

दादा : आई, ऐक ना. वास सहन नाही व्हायचा तुला. नुसता भपकारा सुटलाय.

आई : दोन वर्षं तुम्ही दोघं माझं भांडं उचलताय. एकदाही नाकाला पदर नाही की रुमाल नाही. मला वासाचं काय सांगतोस रे?

ठकी : ... ठेवला तिने. दादा? रडतोयस होय रे?

दादा : काठी आण एक. त्या काचा बाजूला करू, खुर्ची तिथूनच जायचीय.