चालू, पण कोणत्या भाषेत?

सन्माननीय अध्यक्ष श्री. भगवानरावजी, व्यासपीठावर विराजमान झालेले पाहुणे, आज ज्यांच्या गळ्यात हार मावेनासे झाले आहेत ते आपले सुधाकरराव गुरुजी, आणि समोर जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो! मागं उभं राहिलेल्यांनाही माझा नमस्कार. खुर्च्या कमी पडल्या, यात गुरुजींची पुण्याई आणि मंडपवाल्याची चलाखी दोन्ही आहेत.

मी खुशाल. आपल्या चौरंग वाद्यवृंदात बासरी वाजवतो. मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. बासरीवाल्याला आयुष्यभर फुंकायला लावायचं आणि बोलायची वेळ आली की पाच मिनिटं द्यायची, हा कुठला न्याय? असो. अध्यक्षांची आज्ञा शिरोधार्य.

पाहुण्यांना पहिला प्रश्न पडतो, वाद्यवृंद म्हणता आणि माणसं चारच कशी? त्यामागं फार मोठा कलाविचार आहे असं मी बाहेरगावी सांगतो. खरं म्हणजे आम्ही उत्तमरावांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत बसायचो. ज्वारीची पोती रचल्यावर तिथं चारच जण मावत. गुरुजींचं व्हायोलिन, उत्तमरावांची पेटी, भागाबाईंचा तबला आणि माझी बासरी. पाचवा एक ढोलकीवाला आला होता. त्याला दारात बसवलं, तर गिऱ्हाईकं त्यालाच साखरेचा भाव विचारू लागली. दोन दिवसांत तो भाव सांगायला शिकला आणि तिसऱ्या दिवशी उत्तमरावांनी त्याला दुकानावर ठेवून घेतलं. आज तो तिथंच आहे आणि सुखी आहे.

भागाबाईंबद्दल काय बोलावं? सकाळी नेरडीगोंड्याच्या बाजारात वांगी विकायची आणि संध्याकाळी तबल्यावर बसायचं. गिऱ्हाईकानं घासाघीस केली, तर त्याचा राग संध्याकाळी तबल्यावर निघतो. म्हणून आम्ही गावातल्या बायकांना हात जोडून सांगतो, भागाबाई मागतील तो भाव द्या, आमची लय सांभाळा.

आता आदिलाबादचा तो प्रसंग. एका सरकारी कार्यालयाचा समारंभ होता. पाहुणे स्थानापन्न होईपर्यंत आम्ही वाजवायचं, एवढंच काम. पाहुणे बसले. पहिल्या रांगेतल्या तेलुगू साहेबांनी हात वर केला आणि हसून म्हणाले, "चालु, चालु."

उत्तमराव माझ्या कानात म्हणाले, "साहेब खूश होऊन राह्यले. चालू म्हंते!"

आम्ही चालू ठेवलं. थोड्या वेळानं साहेब उभे राहिले, दोन्ही हात हलवले, "चालु! चालु!" भागाबाईंना वाटलं, लय वाढवायला सांगतात. त्यांनी दुप्पट धरली. साहेबांचा आवाज चढला, तशी आमची लय चढली. मंत्रोच्चारासाठी आलेले भटजी समईपाशी तेलाची बाटली घेऊन अवघडून उभे. शेवटी तारा तापल्या, माझा दम संपला, तेव्हा आम्ही थांबलो. टाळ्या एवढ्या पडल्या की काय सांगू! त्या कौतुकाच्या नव्हत्या, सुटकेच्या होत्या, हे नंतर कळलं.

तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे!

तुम्ही म्हणाल, रोज बाजारात तेलुगू ऐकणाऱ्या माणसांना एवढा शब्द कळू नये? कळतो की. कोणी वांगी मोजताना 'चालु' म्हटलं तर भागाबाईंचा हात तिथल्या तिथं थांबतो. पण स्टेजवर बसलेल्या कलावंताला 'पुरे' हा शब्द कुठल्याच भाषेत कळत नाही. त्या कार्यालयानं आम्हाला पुन्हा बोलावलं नाही.

परतीच्या बसमध्ये भागाबाईंनी गुरुजींना धरलं. गुरुजींची सगळी नोकरी तेलुगू शाळेत गेलेली. "काहो गुरुजी, तुमाले त तेलुगू येते! मंग काऊन नाई सांगतलं?"

गुरुजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भागाबाई, तुमचा हात आज असा बसला होता का नाई, मीबी मराठीतच ऐकलं."

असा हा माणूस. आता बोटं आखडतात म्हणून मुलाकडं हैदराबादला निघाला आहे. पत्ते पिसताना ती आखडलेली मी पाहिली नाहीत, पण ते जाऊ द्या. चौरंगाचा एक पाय निघाला. उरलं काय? उत्तमराव म्हणतात, नाव बदलून तिपाई ठेवू. मी हसलो, पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. कारण आम्हा तिघांना गुरुजींशिवाय एक ओळसुद्धा वाजवायची सवय नाही. वाद्यवृंद ठेवायचा की आजच मोडायचा, हे अजून ठरलेलं नाही, मंडळी. परवा धीर करून विचारलं, "गुरुजी, आता पुढं वाद्यवृंदाचं कसं?" गुरुजी म्हणाले, "चालू." आणि अंघोळीला गेले.

आता सांगा, हे मराठीत घ्यायचं की तेलुगूत? उत्तमराव म्हणतात पुरे, भागाबाई म्हणतात पुढं चला. दोन दिवस आमचं यावरून भांडण आहे. म्हणून आज भर सभेत मी विचारतो. गुरुजी, कोणत्या भाषेत बोलला होतात तुम्ही? नाही, नाही, मान हलवू नका, तोंडानं सांगा. अहो, तो माईक जरा त्यांच्याकडं द्या.

...

मागच्यांना ऐकू आलं का? नसेल तर मी सांगतो. गुरुजी म्हणाले, "माहं तेलुगूत, खुशाल. तुमचं मराठीत."

गुरुजी, आम्हाला तुमची फार आठवण येईल, हे सरळ सांगतो. त्यात विनोद नाही.

अध्यक्ष महोदय, तुम्ही मघापासून हात वर करून काय म्हणता आहात ते मी ऐकतो आहे आणि आज पहिल्यांदाच ते तेलुगूत घेतो. तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहून गेला असेल किंवा कोणाला टोचलं असेल, तर आपल्याच घरचा वाचाळ माणूस समजून पदरात घ्या.

भागाबाई, तबला पुढं घ्या. उत्तमराव, सूर धरा. गुरुजी आज समोर बसून ऐकणार आहेत.