लवूची तहान

ऐका. आधी तो मोबाईल खिशात घाल, मंग्या. उद्या होडी जोडखडकाच्या आतल्या वाटेनं घालणार म्हणतोस ना? तासभर वाचतो म्हणे! मग तुझ्यासाठीच सांगतो. बाकीच्यांनीही ऐका, पण मधे खी-खी करू नका. ही हसायची गोष्ट नाही.

माझा जनूकाका. बापाचा सख्खा भाऊ. त्याला एकच मुलगा, लवू. सतरा वर्षांचा. भाद्रपदात मासे मारायला गेला आणि लाटेनं होडीतून उचलून नेला. मढं सापडलं नाही. आठ दिवस किनारा धुंडाळला आम्ही. नाही म्हणजे नाही! आता अशा माणसाचं आपल्यात काय करतात? दर्भाचा पुतळा करून जाळतात, त्याच्या नावानं पाणी देतात. काका ऐकेना. "माझो झील जिवंत आसा. पुतळो जाळूचो नाय." वर्षभर रोज रात्री लवूचं ताट मांडलं. काकी वाढायची, काकीच उचलायची. घरात रडायचं नाही, असं बजावलं होतं तिला. आईला रडायची बंदी! कधी ऐकलंय?

अशात बातमी आली. हर्णैच्या कोळ्यांना गेल्या वर्षी समुद्रात एक पोरगा जिवंत सापडला म्हणे, कुठला ते सांगत नाही. काका उठलाच. तेव्हा इंजिनं कुठली? लहानशी होडी, एक शीड, आणि हर्णै म्हणजे वाऱ्यावर पाच दिवस. मी म्हटलं, काका, मी येतो. तर म्हणतो, "येताना लवू आसतलो. जागा नाय."

काळोख पडला, जमिनीवरचा वारा सुटला, आणि काका निघाला. एकटा. पाण्याचं मडकं, प्यायला करवंटी, थोडे पोहे आणि लवूचा कोरडा सदरा. बरं का, सदरा घडी करून घेतला होता. मी बघितलाय.

पहिल्या रात्री होडीच्या तळाला खालून आवाज. टक टक टक. लवू पाणी उपसताना फळीवर असंच वाजवायचा. काका घाबरला असेल असं वाटतं ना तुम्हाला? अरे, तो आनंदला! त्यानं वरून फळी वाजवली. खालून परत, टक टक टक.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. भर दुपार, ऊन डोक्यावर, समुद्र ताटासारखा सपाट. आणि हाक आली. "बाबा!"

गिऱ्हा माहितीये ना? बुडालेल्याचं भूत. तो दोनदाच हाक मारतो. म्हणून समुद्रावर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. काकाला माहीत नव्हतं होय? सगळं माहीत होतं. पण वर्षभर ज्या हाकेची वाट बघितली, ती आल्यावर कोण मोजत बसेल?

"ओ रे! खंय आसस?"

"हंय आसंय."

होडीच्या काठावर चार बोटं आली. ओली. मग दुसरा हात. मग तोंड. लवूच! भुवईवरची खूणसुद्धा तीच.

"बाबा, तान लागली. पाणी दी."

काकानं करवंटी भरून त्याच्या ओंजळीत ओतली. ओंजळ तोंडाला लागायच्या आत पाणी खाली. एक थेंब आत जाईना! "बाबा, अजून." ओतलं. "अजून." ओतलं. पोरगा तहानेनं कळवळतोय आणि बाप मडकं रिकामं करतोय. स्वतः सकाळपासून घोट घेतला नव्हता त्यानं.

आणि होडी चालत होती. अरे, शीड नुसतं लोंबतंय, वारा नाही, तरी होडी सरसर चाललीय. ओतता ओतता संध्याकाळ झाली. काकानं मान वर केली तर समोर जोडखडक! दोन खडकांच्या मधे पांढरा फेस उसळतोय.

"हंयसून ये, बाबा. आत गोडां पाणी आसा."

मडक्यात करवंटीभर उरलं होतं. काकानं ओतायला हात पुढं केला आणि पोराच्या बोटांकडं बघितलं. पांढरीफटक, सुजलेली. बुडालेली माणसं काकानं स्वतःच्या हातानं बाहेर काढली होती. असे हात त्याला ओळखू येणार नाहीत? लवू गेला म्हटलं की वर्षभर नाही म्हणत होता. तिथं त्याला नाही म्हणता येईना.

मग त्यानं तोंड दक्षिणेकडं केलं. पाणी उजव्या हातावर घेतलं आणि अंगठ्यावरून सोडलं. गेलेल्या माणसाला सोडतात तसं. मुलानं बापासाठी करायचं, ते बापानं मुलासाठी केलं. म्हणाला, "लवू, तू गेलंस रे, झिला. ह्यां पाणी तुका."

आणि पोरगा प्यायला! घटाघट. काका मरेपर्यंत म्हणायचा, तो आवाज कानातून जात नाही.

पिऊन झाल्यावर लवू म्हणाला, "आवशीक रडाक दी, बाबा." बस. आईला रडू दे, एवढंच. त्याच हातांनी होडीला धक्का दिला. सुकाणू खडकावर आपटून तुटलं, पण होडी बाहेर फेकली गेली. जमिनीवरचा वारा सुटला होता. काका हर्णैला गेला नाही. वल्ह्यानं दिशा धरून, तोंडात पाण्याचा थेंब नसताना, घरी आला. आत गेला, मांडलेलं ताट उचललं आणि काकीच्या मांडीवर ठेवलं. काकीनं जो हंबरडा फोडला ना... सगळा वाडा गोळा झाला.

तिसऱ्या दिवशी पुतळा जाळला.

आता राहिलेलं सांगतो. हर्णैची बातमी मी आणली होती. मालाच्या पडावावर, म्हणजे माल नेणाऱ्या मोठ्या होडीवर, कामाला होतो मी तेव्हा. तो पोरगा गुहागरकडचा निघाला आणि त्याच्या माणसांनी त्याला केव्हाच नेला, हेही मी तिथंच ऐकलं होतं. पण पहिलं वाक्य ऐकून काकाचा चेहरा असा फुलला, की पुढचं माझ्या तोंडातून निघेना. अर्धीच बातमी दिली मी. काका मरेपर्यंत त्याला सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय.

म्हणून मंग्या, ती वाट घेऊ नकोस. लवू सुटला, तो तिथं नाही. पण ज्यांची ताटं घरोघरी अजून मांडलेली आहेत, ते सगळे तिथं आहेत. ते पाणी मागतील. तुला नाही म्हणवणार नाही, आणि तेवढं पाणी तुझ्या होडीत मावायचं नाही. बाहेरून जा. तास लागू दे.