टियर्नींचं शेवटचं वाक्य

नॉर्थ यॉर्कच्या बसथांब्यावर चित्राच्या पुढे काळ्या कपड्यांतलं एक जोडपं उभं होतं. दोघं चक्क वसईकडच्या हेलात मराठी बोलत होती, म्हणून तिचे कान आपसूक तिकडे गेले.

"आवर आता, जॉर्जिना. तू काम करतेस त्या नर्सिंग होममध्ये एवढी म्हातारी माणसं जातात, मग या टियर्नींसाठीच एवढं का?"

"ॲक्टर होते रे ते. डब्लिनला नाटकं गाजवली आणि इथे सिनेमात काय, तर पाद्री नाहीतर प्रेत. पटकथाही लिहायचे. सगळ्या रिजेक्ट झाल्या."

"हं. फ्युनरलला त्यांची मुलगी तुला बाजूला नेऊन काय विचारत होती?"

"बाबांचे शेवटचे शब्द. वीस वर्षं बोलणं नव्हतं दोघांचं. आयर्लंडहून आली ती थेट मातीला."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हणाले तेच सांगितलं. 'दार लावू नकोस, मी येतोय.' माझ्या गळ्यात पडून रडली बिचारी."

"मग चांगलंच झालं की!"

"कसलं चांगलं, कास्मिर! ते त्यांच्या पटकथेतलं वाक्य. रोज संध्याकाळी समोरचा पार्ट माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि स्वतः हे म्हणायचे. मी फसवलं रे त्या पोरीला."

बस आली, दार उघडलं. कास्मिर जागचा हलला नाही, आणि चित्राही.

"समोरचा पार्ट कुणाचा होता?"

"मुलीचा."