पत्र्याच्या डब्यातली पेटी

हॅलो?… हो, आईच. दुसरं कोण उचलणार?… अगं, हळू बोल. गिऱ्हाईक बसलंय समोर, पडद्यांची मापं घेतेय.

तुझ्या फोनवर काय दिसत नाहीये?… काहीच नाही? पडले तर दाबायचं गळ्यातलं बटण, दाराचं यंत्र, शेगडीचं, सगळंच बंद?… अगं, इथे तर सगळ्यांचे दिवे लुकलुकताहेत!… नाही गं, पडले नाहीये. ठणठणीत आहे.

हो, हो… अगं ऐक ना! शब्द दिलाय, माहितीये. आजच्या आज हे जमलं नाही तर घर बंद करून तुझ्याकडे… हो. चार तास न्हाणीघरात पडून होते, ते तू विसरत नाहीस. मी तरी कुठे विसरलेय? पण आजचा दिवस संपला का अजून?

कुठली पेटी?… हां, जिच्यातून सगळं तुझ्या फोनवर जातं ती? आहे की. अगदी जपून ठेवलीये. पत्र्याच्या डब्यात.

…ओरडतेस काय? दिवसभर कापडाचे तंतू उडतात इथे. शिवणयंत्र झाकून ठेवते मी, मग ही नाजूक पेटी उघडी ठेवू? वायरीपुरतं भोक पाडलंय, काठाला चिंधीसुद्धा लावलीये, वायर कापली जाऊ नये म्हणून… काय? पत्र्यातून तिचं बोलणं बाहेरच येत नाही?… अगं बाई! म्हणजे मीच कोंडून घातली की तिला!

थांब… काढली. टेबलावर ठेवली… आता पुन्हा जोडायला तिच्यावरचा कोड हवा? थांब, बघून घेते आणि स्वयंपाकघरात जाते. गिऱ्हाइकाचे कान लांब आहेत.

हं. आधी सांग, लहानपणी माझ्या कात्रीनं काय कापलं होतंस?… वैतागू नकोस. परवा एक फोन आला, ‘कंपनीतून बोलतोय, कोड सांगा.’ काय गोड बोलत होता मेला! दिला हाकलून… तूच म्हणालीस ना, ही यंत्रं ओळख पटल्याशिवाय एकमेकांशी बोलत नाहीत? मग मी काय त्यांच्याहून खुळी?… स्वतःची वेणी. बरोबर. आणि मार कुणी खाल्ला?… भावानं, बिचाऱ्यानं. हं, घे लिहून. सात… शून्य… नऊ… तीन… दोनदा नाही गं, एकदाच… चार. झालं.

दिसलं?… दार दिसतंय? शेगडीपण?… बटण दाबू? खरंच दाबू?… दाबलं.

अगं, केवढ्यानं वाजतंय तुझ्याकडे! इथपर्यंत ऐकू येतंय. सगळं ऑफिस गोळा झालं असेल… हॅलो?… रडतेस? वेडाबाई. मलाही भरून आलंय, पण मी रडतेय का?… बरं, रडतेय थोडी. त्या दिवशी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, जिन्यापर्यंतसुद्धा गेल्या नाहीत गं.

ऐक. मग राहू ना मी इथे?… काय म्हणालीस? पुन्हा बोल… नाही, मघाशीच नीट ऐकू आलं होतं. परत एकदा ऐकावंसं वाटलं, म्हणून. ठेव आता, गिऱ्हाईक खोळंबलंय.