दुसऱ्याच्या पेपरात अर्धा तास

काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सांभाळत मानसशास्त्राच्या बाई झेरॉक्सच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या मागे एक विद्यार्थी थोरल्या बहिणीला आपल्या आठवड्याचं रडगाणं ऐकवत होता.

“सोमवारी सादरीकरण, मंगळवारी तोंडी परीक्षा, आणि बुधवारी माझा पेपरच नव्हता, ताई.”

“मग बुधवारी बूट हातात घेऊन पळालास तो कुठे?”

“पेपरलाच. माझा होता गुरुवारी.”

“अरे देवा! मग बसलास कोणाच्या पेपरला?”

“मानसशास्त्राच्या.”

बाईंनी गठ्ठा दुसऱ्या काखेत घेतला.

“प्रश्न वाचून तरी कळलं असेल ना?”

“पहिलाच प्रश्न होता, ‘माणूस का विसरतो?’ म्हटलं, चला, हे तर आपल्याला येतं!”

“येणारच. जन्मापासूनचा अभ्यास तुझा.”

“हसू नकोस गं. दोन पानं लिहून झाल्यावर वर विषयाचं नाव दिसलं. मग खाली ‘क्षमस्व, माझा पेपर उद्या आहे’ असं लिहून सटकलो.”

“त्यावर नाव-नंबर?”

“घातलाय. सुवाच्य अक्षरात.”

“धन्य आहेस बाबा!”

“तोतया म्हणून कारवाई केली तर? वर्ष जाईल माझं. तीन दिवस अन्न गोड लागत नाहीये.”

“काल माझ्या ताटातलंही संपवलंस की!”

“हो? विसरलोच.”

रांग पुढे सरकली. बाई मागे वळल्या.

“कारवाई नाही, दहापैकी आठ दिलेत. दोन कापले, कारण सगळी उदाहरणं स्वतःचीच दिलीत.”